‘णारा’ कोण?

"मारहाण झाली," न्यायाधीशबाईंनी कागदावरचं वाचलं आणि चष्म्याच्या वरून आमच्याकडे पाहिलं. "झाली म्हणजे? सकाळ झाली, संध्याकाळ झाली, तशी झाली का?"

मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. मीही हसणार होते, इतक्यात लक्षात आलं की ते वाक्य माझंच आहे.

अर्ज आमच्या कक्षाचा होता. घरातल्या मारहाणीच्या तक्रारींसाठी नगरपालिकेनं दोन वर्षांपूर्वी कुटुंब सुरक्षा कक्ष काढला. त्यात एक संरक्षण अधिकारी, एक शिपाई आणि एक टायपिस्ट. टायपिस्ट म्हणजे मी. अधिकारी म्हणजे आमच्या मॅडम. वय एकतीस, आणि चालणं असं की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. त्या माझ्या उजवीकडे उभ्या होत्या. डावीकडे अर्जदार. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते, म्हणून आपसांत आम्ही तिला चष्मेवाली म्हणायचो. समोर तिचा नवरा. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवलेली, त्यात आमचे हेही आले. आमच्या ह्यांनी तीन वेळा गाडी फाटकावर घातली, तरी सरांचा आवाज म्हणून चढला नाही. ही केस आल्यापासून हे रोज जेवताना एकदा तरी म्हणायचे, "तुमचं काहीतरी चुकतंय गं. असा सज्जन माणूस शोधून सापडायचा नाही."

सरांचे वकील उठले. त्यांचा आवाजही मऊ होता.

"बाईसाहेब, मी हा अर्ज तीनदा वाचला. बावीस वाक्यं आहेत. ‘मारहाण झाली.’ ‘कपाळास इजा झाली.’ ‘भ्रमणध्वनी फुटला.’ ‘अर्जदार जिन्यात पडली.’ ऐकून आम्हालाही वाईट वाटतं. पण माझ्या अशिलानं काही केलं, असं एकही वाक्य यात नाही. माझे अशील या अर्जात फक्त पत्त्यात आहेत."

न्यायाधीशबाईंनी पुन्हा तिन्ही पानं उलटली. त्यांचं बोट ओळीवरून खाली खाली सरकत होतं आणि माझा जीव त्या बोटाबरोबर खाली खाली जात होता. शेवटी त्या म्हणाल्या, "यावर मी कोणाला घराबाहेर काढू? शुक्रवारी सुधारित अर्ज आणा. नीट आणा. पुन्हा तारीख देणार नाही."

बाहेर व्हरांड्यात चष्मेवाली भिंतीला टेकून उभी राहिली. रडली वगैरे काही नाही. एवढंच म्हणाली, "शुक्रवारी तरी होईल ना मॅडम? भावाकडे माझी रविवारपर्यंतच सोय आहे. रविवारी वहिनींचे आईवडील येताहेत राहायला. खोली एकच आहे त्यांची जादा."

"आणि नाही झालं तर?" मॅडमनी विचारलं.

"मग घरी. दुसरीकडे कुठे जाणार? ‘ये, मी काही बोलणार नाही,’ असा रोज मेसेज येतो त्यांचा."

आम्ही मागितलं होतं ते एवढंच की त्या घरात तिनं राहावं आणि सरांनी दुसरीकडे राहावं. ती एकदा त्यांच्याजवळ परत गेली की अर्ज संपला. अशा अकरा फायली आमच्या कपाटात होत्या. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘अर्जदार स्वगृही परतल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ ओळ सुंदर आहे. माझीच आहे.

आता हे सगळं कळायला माझी पूर्वपीठिका सांगणं भाग आहे.

मी बावीस वर्षं बांधकाम विभागात होते. तिथे माझं नाव भावेबाई. आडनाव वेगळंच आहे. पण मी लिहिलेल्या वाक्यात काम करणारा माणूस कधी सापडत नाही, म्हणून एका इंजिनिअरनं भावे प्रयोगावरून ते नाव ठेवलं. व्याकरणाप्रमाणे तो कर्मणी प्रयोग होतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. पण कर्मणीबाई कोणाच्या जिभेवर बसेना. नवीन लोकांना तर भावे हेच माझं सासरचं नाव वाटायचं. मीही हाकेला ओ द्यायला शिकले.

कौशल्य मात्र खरंच होतं माझ्यात. रस्ता सहा महिन्यांत उखडला की इंजिनिअर घाम पुसत माझ्या टेबलाशी यायचे. मी लिहायचे, ‘सदर रस्त्यावर खड्डे पडल्याचे निदर्शनास आले असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.’ बघा. खड्डे आपले आपण पडले. कोणाच्या तरी निदर्शनास आले, कोणाच्या ते विचारू नका. कार्यवाही कोणीतरी करतंय, तेही विचारू नका. बावीस वर्षांत माझ्या कागदामुळे एकाही माणसाच्या नोकरीला धक्का लागला नाही. मोठे साहेब निवृत्त होताना भर सभेत म्हणाले होते, "भावेबाईंच्या वाक्यात पोलीस कुत्रं सोडलं तरी माणूस सापडणार नाही." मी लाजले होते. घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं होतं.

मग कक्ष निघाला आणि माझी बदली झाली. जागा म्हणजे जुनी लसीकरणाची खोली. भिंतीवर अजून जिराफ आहे, त्याच्या मानेवर मुलांची उंची मोजायचे आकडे. बायका त्या जिराफाखालच्या खुर्चीत बसून बोलतात, मॅडम विचारतात, मी लघुलिपीत उतरवून घेते आणि मग टाइप करते. नव्या कामात मी जुनी कला ओतली. बायका काहीही बोलतात, मागचं पुढे, पुढचं मागे. मी ते कसं गुळगुळीत करून द्यायचे! कोर्टात आमचा कागद सगळ्यांत नीटनेटका, याचा मला गर्व होता.

सोमवारी कोर्टातून परत आल्यावर मी लघुलिपीची वही काढली. चष्मेवाली पहिल्यांदा आली होती त्या दिवसाचं पान. सगळं तसंच होतं. ‘लागलं मला.’ ‘हात उठतो त्यांचा.’ ‘फोन फुटला.’ मला जरा धीर आला. मी काय करणार, ती बोललीच तशी. मग पानाच्या तळाशी एक ओळ दिसली. तीच ओळ मी पुन्हा वाचली, वही खिडकीजवळ नेऊन वाचली.

‘त्यांनी मला मागून ढकललं.’

टाइप केलेल्या अर्जात त्या जागी होतं, ‘तोल गेल्याने अर्जदार जिन्यात पडली.’

बावीस वाक्यांत एकदा, एकदाच ती बाई नीट बोलली होती, आणि ते मी खोडलं होतं. मला आठवलंही का खोडलं ते. ‘ढकललं’ हा शब्द मला कागदावर बरा दिसला नव्हता.

मी वही घेऊन मॅडमपुढे जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. सांगता सांगता डोळे पुसत राहिले. मॅडमनी वही बघितली. त्यांना लघुलिपीतलं ओ की ठो कळत नाही, तरी बराच वेळ बघितली.

"आपल्या सगळ्या फायली अशाच आहेत का हो बाई?"

"बहुतेक."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "ते नंतर बघू. आधी ही वाचवू. आणि रडू नका, पाणी कीबोर्डमध्ये जाईल. नवीन मागितला तर दोन वर्षं येणार नाही."

चष्मेवालीला रजा मिळेना, म्हणून बुधवारी मधल्या सुट्टीत मीच तिच्या दुकानात गेले. मालक म्हातारे, भले गृहस्थ. मला बघून त्यांनी दारावर ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी आपणच उलटी केली आणि काउंटरमागे जाऊन स्वच्छ असलेल्या फ्रेमा पुसत बसले. डोळे तपासायची खोली म्हणजे पडद्यामागची अडीच फुटांची जागा. तिनं मला खुर्चीत बसवलं आणि नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवली.

"अगं, मी डोळे तपासायला नाही आले."

"आलाच आहात तर बघते. हात रिकामे असले की मला बोलता येत नाही, ताई. तिसरी ओळ वाचा."

मी वाचली. दोन अक्षरं चुकली. मग मी म्हटलं, "आता तू वाच. हा तुझा अर्ज. शाळेत कर्ता कसा शोधायचा ते आठवतंय? क्रियापदाला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ असं विचारायचं. मुलगा चेंडू फेकतो. फेकणारा कोण?"

"मुलगा."

"शाब्बास. ‘फोन फुटला.’"

"फुटणारा कोण? फोन," ती पटकन म्हणाली. वर्गात पहिल्या बाकावर बसत असणार.

"पैकीच्या पैकी गुण. म्हणजे न्यायाधीशबाई फोनला शिक्षा करतील. पुढचं. ‘हात उठला.’ उठणारा कोण?"

"हात."

"हात एकटाच उठला? बाकीचे सर बसून होते?"

ती हसली. अगदी फसकन हसली, हातातली काच पडता पडता वाचली. पडद्यापलीकडे मालकांचं पुसणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मलाही हसू आवरेना. त्या अंधाऱ्या फटीत आम्ही दोघी तोंडावर हात धरून अशा हसलो की कोणी बघितलं असतं तर दोघींनाही वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

हसू ओसरल्यावर तिनं फ्रेममध्ये नवी काच सरकवली. "हे स्पष्ट, की आधीचं?"

"आधीचं. फोन फोडणारा कोण?"

"आता हे?"

"हे बरं. फोडणारा कोण, ते सांग."

"ते," ती म्हणाली. "त्यांनी फोडला. भिंतीवर आपटून फोडला."

मी वहीत लिहिलं. मग आम्ही एकेक घेत गेलो. फुटला, फोडला. तुटलं, तोडलं. ‘टीव्हीचा आवाज मोठा होता,’ यावर ती बराच वेळ अडली. मग म्हणाली, "आवाज वाढवायचे तेच. आधी उठून आवाज वाढवायचे, रिमोट नीट टेबलावर ठेवायचे. मग माझ्याकडे वळायचे." मी मान वर केली नाही. लिहीत राहिले.

"‘जिन्यात पडले,’" मी वाचलं.

"हे तर खरंच आहे ना ताई. पडले मीच."

"पडलीस तू. पण पाडलं कोणी?"

तिनं फ्रेममधली काच काढली आणि ॲप्रनच्या टोकानं पुसायला लागली. पडले आणि पाडले यात फक्त एका कान्याचा फरक. टाइप करताना एक बोट जास्त. मी थांबले. मला वाटलं होतं की माझ्या ‘णारा’नं सगळं पटापट सुटेल, शाळेतल्यासारखं. ती काच चांगली पाच मिनिटं पुसत होती.

"हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्यांनी ढकललं म्हणून. मग तुमच्या कागदावर नव्हतं. मला वाटलं, असं बोलायचं नसतं कोर्टात. मग मी परत नाही बोलले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मी काढलं ते. माझं चुकलं गं." ती म्हणाली, "असू दे," आणि माझ्या नाकावरची फ्रेम सरळ केली.

शेवटी टाइप करताना शंका नको, म्हणून विचारलं, "सगळीकडे ‘त्याने’ लिहिते हं. ‘त्याने ढकलले.’"

"नको. ‘त्यांनी’च लिहा."

"अगं, मारणाऱ्याला कसला मान?"

"मान देणारी कोण? मी," ती म्हणाली. "मला अरे-तुरे येत नाही, ताई. मी माझं तोंड का बिघडवू? मारलं त्यांनी, ते त्यांचं."

मी ‘त्यांनी’ लिहिलं. जाताना कळलं की माझा नंबर पाऊण पॉइंटनं वाढलाय.

शुक्रवारी मॅडमनी कोर्टासाठी एक खुलाशाचं पत्र करून घेतलं होतं. मसुदा त्यांचा, भाषा माझी: ‘मूळ अर्जाच्या टंकलेखनात नजरचुकीने काही त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे.’ जुनी सवय. बोटं आपली आपण चालली. पत्र माझ्याकडेच होतं.

वकील यावेळी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी धरून उभे राहिले.

"सोमवारी मारहाण झाली होती, बाईसाहेब. शुक्रवारी ती माझ्या अशिलानं केली. चार दिवसांत माझ्या अशिलाला एकदम बढती मिळाली! बाई तीच, जिना तोच. मग हे नवीन कोणी शिकवलं? तोल गेला होता, त्याचं ढकलणं कोणी केलं?"

न्यायाधीशबाई मॅडमकडे बघायला लागल्या. मॅडमनी माझ्याकडे पत्रासाठी हात केला. मी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं आणि उभी राहिले. बावीस अधिक दोन, चोवीस वर्षांत मी कधी कुठल्या वाक्यात स्वतःहून उभी राहिले नव्हते.

"मी केलं," मी म्हटलं. "म्हणजे उलटं केलं. ही पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ‘त्यांनी मला मागून ढकललं.’ या वहीत आहे, तारखेसकट. टाइप करताना मी ते काढलं आणि तोल घातला."

"का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"वाक्य चांगलं दिसावं म्हणून."

कोर्टात यावेळी कोणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर बरं झालं असतं.

वकिलांनी वही मागून घेतली, उभी धरली, आडवी धरली. "हे काय आहे? या रेघोट्या फक्त या बाईंनाच वाचता येतात. याला पुरावा म्हणायचं?"

"बरोबर आहे तुमचं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली, दोन्ही अर्ज त्याखाली सरकवले आणि चष्मेवालीकडे वळल्या. "जिला वाचून बघावं लागत नाही, तिलाच विचारू. कागद राहू दे. तुम्ही सांगा. काय झालं?"

"काय झालं," असंच विचारलं त्यांनी. पुन्हा ‘झालं’च.

चष्मेवालीनं सुरुवात केली. "मला... लागलं..." आणि थांबली. समोर सर तिच्याकडे बघत होते, अगदी शांत, शिकाऊ माणसानं गिअर अडकवला की बघत असतील तसे. मी खाली बघत राहिले. मी सांगून चालणार नव्हतं. ओठ हलवूनही चालणार नव्हतं. तिच्या हातात काच नव्हती, फ्रेम नव्हती, काही नव्हतं. तिनं कठड्याची कड धरली.

"त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला," ती म्हणाली. "मार्चमधला दुसरा शुक्रवार होता. मला दुकानातून यायला वीस मिनिटं उशीर झाला होता. त्यांनी माझा फोन घेतला आणि भिंतीवर आपटून फोडला. त्यांनी मला इथे, कपाळावर मारलं. मी दार उघडून जिन्याकडे पळाले. त्यांनी मला मागून ढकललं. मी सात पायऱ्या पडले. ते वरच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, ‘फार लागलं का?’ मग त्यांनीच गाडी काढून मला दवाखान्यात नेलं. हळू नेलं. प्रत्येक वळणावर इंडिकेटर देत."

मागे कोणीतरी खाकरलं. कोर्टाचा टायपिस्ट टाइप करायचा थांबला होता, तो भानावर येऊन पुन्हा टाइप करायला लागला.

सर उभे राहिले. वकिलांनी त्यांच्या कोटाची बाही ओढली, पण सर कधी शिकवणं मध्येच सोडणाऱ्यांतले नव्हते. "साहेब, मी एवढंच सांगतो," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "संसार आहे. दिवसभर लोकांच्या चुका सोसून माणूस घरी येतो. राग येतो. एखाद्या वेळी हात उठतो. कोणाच्या घरात होत नाही?"

"कोणाचा?" न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"अं?"

"हात. कोणाचा उठतो?"

"माझा," सर म्हणाले.

वकिलांनी बाही सोडून दिली.

आदेश त्याच दुपारी झाला. शनिवारी बारापर्यंत सरांनी घर सोडायचं, तिच्या कामाच्या जागी किंवा घरापाशी फिरकायचं नाही. मॅडमनी मला कोर्टाच्या फाटकात कडकडून मिठी मारली आणि लगेच म्हणाल्या, "बाई, पण तुम्हाला कारणे दाखवा नोटीस निघणार हं. भर कोर्टात बोललात." निघाली. कक्षात टायपिस्ट एकच, त्यामुळे ती मीच टाइप केली. उत्तरही मीच: ‘मी चूक केली. बाकीच्या अकरा फायली मी पुन्हा उघडत आहे.’ मुख्याधिकाऱ्यांनी ते परत पाठवलं, शेरा होता की खुलासा फार त्रोटक आहे. मी तसाच पुन्हा पाठवला.

संध्याकाळी घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे ताटातला भात नुसता कालवत राहिले. मग म्हणाले, "मला कधी एक शब्द वर नाही बोलले गं ते. तीन वेळा फाटक पाडलं मी."

"तुम्ही गिऱ्हाईक होतात."

हे जेवायचे थांबले. त्या दिवसापासून जेवताना सरांचं नाव निघालं नाही.

शनिवारी साडेबाराला आम्ही तिला पोहोचवायला गेलो. मी आणि आमचे शिपाई तात्या. मॅडम दुसऱ्या एका घरी धावल्या होत्या. महिला पोलीस आधीच येऊन, सर दोन बॅगा घेऊन गेल्याची खात्री करून, किल्ल्या देऊन गेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर. चष्मेवाली जिना चढताना मध्ये एका पायरीवर थोडी थांबली. तात्यांच्या हातात तिची पिशवी होती. तेही थांबले, खाली बघत.

आत सगळं जागच्या जागी होतं. सर व्यवस्थित माणूस. सोफ्यावरच्या उशासुद्धा सरळ केलेल्या. ती दारात उभी राहून सगळीकडे नजर फिरवत होती, जणू हेच घर घ्यायचं की दुसरं बघायचं, असं. मी पोचपावतीवर तिची सही घेतली. तात्यांनी पिशवी खाली ठेवली आणि जायचं म्हणून घसा साफ केला.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही दोघं जरा बाहेर थांबाल का? मला एकदा ओरडायचंय."

"ओरडायचंय?"

"हो. मोठ्यानं. या घरात मी कधी ओरडले नाही. शेजारी काय म्हणतील म्हणून. तुम्ही बाहेर असाल तर बरं, कोणी धावत आलंच तर सांगाल, काही नाही म्हणून."

तात्या आणि मी बाहेर आलो. तिनं दार लावलं. आम्ही दोघं दारापाशी उभे राहिलो, कोणाच्या लग्नाला लवकर पोहोचलेल्या पाहुण्यांसारखे. तात्यांनी तयारी म्हणून दोन्ही कानांवर हात ठेवले. वरच्या मजल्यावरच्या एका बाईनं डोकावून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "अजून काही नाही."

बराच वेळ गेला. तात्यांनी एक कान मोकळा केला, मग दुसरा. आत पावलं वाजली, या खोलीतून त्या खोलीत, तिथून परत. एकदा खोल श्वास घेतल्यासारखं वाटलं. मी श्वास धरला. काही नाही.

दार उघडलं. तिचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते.

"येतच नाही," ती म्हणाली. "किती प्रयत्न केला. तोंड उघडते, पण आवाज येत नाही."

तात्यांना वाईट वाटलं. "मी ओरडू का ताई तुमच्याऐवजी?" ते मनापासून म्हणाले.

तिला हसू आलं. "नको," ती म्हणाली. "मीच ओरडेन. आज नाही तर उद्या. घाई काय आहे? घर आता इथेच आहे."

तिनं आम्हाला हात केला आणि दार लावून घेतलं. आम्ही खाली निघालो. प्रत्येक मजल्यावर तात्या थांबत, मान वर करून कान देत, आणि मग माझ्याकडे बघून नाही म्हणून मान हलवत पुढची पायरी उतरत होते.